हिकारीचं तेरावं वर्षश्राद्ध

गल्लीत फिरणारी सूचनेची पाटी शिगेझो कुरामोचीच्या अंगणात आली, तेव्हा तो चिरलेले बांगडे जाळीवर वाळत घालत होता. पाटीचा रिवाज सोपा. सूचना वाचायची, आपल्या नावापुढे शिक्का उमटवायचा आणि पाटी शेजारच्या घरी पोचती करायची. न वाचता दिली तरी कुणी विचारत नाही, शिक्का मात्र हवा. शिगेझोनं मिठाचे हात विजारीला पुसले, चष्मा लावला आणि वाचलं.

‘येत्या शनिवारी सकाळी अकराला धक्क्यावर हिकारीचं तेरावं वर्षश्राद्ध आहे. बाहेरगावचे चारशे पाहुणे अपेक्षित आहेत. तरी सर्व घरांना नम्र विनंती, की त्या दिवशी तपकिरी रंगाचे कुत्रे शक्यतो घराबाहेर आणू नयेत. आपलं, पर्यटन मंडळ.’

गल्लीत घरं एकोणीस होती आणि तपकिरी कुत्रा एकच. तो त्या वेळी जाळीखाली पाय पसरून पडला होता. श्राद्ध त्याचंच होतं.

“बघ रे गोमा,” शिगेझो म्हणाला, “तुझ्याच श्राद्धाला तुला बंदी.”

गोमा हलला नाही. त्याला चौदावं सरत आलं होतं. कान गेले होते, डोळ्यांवर दुधी पडदा आला होता आणि तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके असलेलं त्याचं नाक आता पांढरं पडलं होतं. त्या तिळांवरूनच त्याचं नाव गोमा, म्हणजे तीळ, ठेवलं होतं. हिकारी हे त्याचं सिनेमातलं नाव.

तेरा वर्षांपूर्वी त्सुनाकी बंदरात तोक्योहून सिनेमावाले आले. येताना त्यांनी शिकवलेला एक मोठा रुबाबदार कुत्रा आणला होता. पण तो बोटीतून उतरला तो ओकतच, आणि समुद्राचा वास आला की खुर्चीखाली जाऊन बसायचा. दिग्दर्शक कपाळाला हात लावून धक्क्यावर बसला असताना वर्षाचा गोमा तिथून चालला होता. त्याच दुपारी त्याला तांदळाचं पीठ फासून पांढरा करण्यात आला आणि त्याचा हिकारी झाला.

सिनेमाची गोष्ट अशी, की एक कोळी समुद्रात बुडतो आणि त्याचा कुत्रा धक्क्यावर त्याची वाट बघत बसतो. वर्षं जातात. बुडालेल्या कोळ्याची मुलगी त्याला घरी न्यायला रोज येते, तो जात नाही. शेवटी बर्फ पडत असताना तो तिच्या मांडीवर प्राण सोडतो. कोळी पहिल्या पंधरा मिनिटांतच बुडतो, त्याच्यासाठी कुणी साधा रुमालही बाहेर काढला नाही. पण कुत्रा क्षितिजाकडे बघायला लागला, की अख्खं थिएटर हुंदके द्यायचं. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, की असा विरह मानवी नटाच्या डोळ्यांतही आजवर दिसला नाही. क्षितिजावर खरं तर शिगेझोची बायको सुमिए होडीत उभी होती आणि तिच्या हातात भाजलेला बांगडा होता.

गावानं तो सिनेमा समाजमंदिरात बसून पाहिला. सगळे रडले. सुमिए तर घरी येऊन गोमाच्या गळ्यात पडून रडली, आणि तो बिचारा जेवण कधी मिळतं ह्या विचारात तिचे गाल चाटत राहिला. शिगेझोलाही घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं, पण ते त्यानं माशाच्या काट्यावर ढकललं.

घोटाळा झाला तो पुढच्या वसंतात. एक वयस्कर जोडपं आठ तासांचा प्रवास करून दारात उभं राहिलं. हातात फुलं, उदबत्त्या, आणि बाईंचे डोळे सुजलेले. “हिकारीची समाधी कुठं आहे हो?” त्यांनी विचारलं. गोमा तेव्हा ओसरीखाली घोरत होता. पीठ धुऊन कित्येक महिने झाले होते, त्यामुळे त्या तपकिरी प्राण्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

इतक्या लांबून रडत आलेल्या माणसांना ‘अहो, तो काय, घोरतोय’ असं तोंडावर सांगणं सुमिएला जमलं नाही. त्या गावात ते कुणालाच जमलं नसतं. तिनं मान खाली घातली आणि अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे मुळ्याच्या लोणच्यावर दाबायला ठेवायचा दगड होता. जोडप्यानं त्याच्यासमोर फुलं वाहिली, हात जोडले आणि अर्धा तास डोळे मिटून बसले.

ते गेल्यावर शिगेझो भडकला. “अगं, लोणच्याचा दगड तो! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“मग काय सांगायला हवं होतं?” सुमिए म्हणाली. “जाता जाता ती बाई माझा हात धरून म्हणाली, ‘तुम्हीही सावरा हो.’ आता मी तिला काय सांगू? जाऊ दे, दोन दिवसांत विसरतील लोक.”

विसरतात कसले. महिनाभरात अंगणात रांग लागली. बंदरावरच्या मोठ्या हॉटेलाचे मालक आणि पर्यटन मंडळाचे अध्यक्ष होरिउची ह्यांना रांगेत गावाचं कल्याण दिसलं. त्यांनी दगड सन्मानानं धक्क्यावर नेला, त्याला चौथरा केला, शेजारी पांढऱ्या दगडाचा हिकारी बसवला. मिटल्या डोळ्यांच्या कुत्र्याच्या आकाराच्या, आत गोड डाळ भरलेल्या पावांचा कारखाना निघाला. सिनेमात हिकारी फेब्रुवारीत मरतो. पण फेब्रुवारीत खेकडे खायला लोक येतातच, हॉटेलं तशीही भरलेली असतात. म्हणून मंडळानं ठराव करून त्याचा मृत्यू ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आणला.

गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. रस्त्यात गोमा दिसला, की माणसं त्याच्या डोक्यावरून शिगेझोकडे बघत आणि “आज हवा छान आहे” म्हणत. शिगेझो “छान आहे” म्हणे. बारा वर्षं त्या गावात हवा छानच होती.

सहा वर्षांपूर्वी सुमिए गेली. तिच्या अंत्यविधीला तीस माणसं होती. यंदा तिचं सातवं वर्षश्राद्ध. मरणाचं वर्ष पहिलं धरून मोजायचं, तसं सातवं. तारीख ठरवायला शिगेझो मठात गेला, तर भंतेजी वही चाळत म्हणाले, “शनिवारी नाही जमायचं हो शिगेझो-सान. हिकारी आहे.”

“हिकारी बाहेर आहे, भंतेजी. तुमच्या चपलेवर बसलाय.”

भंतेजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं. “हवा छान आहे,” ते म्हणाले. “पुढच्या बुधवारी करू या का सुमिए-सानांचं?”

त्या दिवशी शिगेझोच्या पोटात जो राग शिरला तो निघेना. त्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गोमाची छाती तपासून सांगितलं, की आता फार तर पानं गळेपर्यंत. शिगेझोला मग एकच गोष्ट हवीशी झाली. गोमा मरेल तेव्हा त्याला गोमा म्हणून मरू द्यावं. पाटीवर त्याचं नाव लिहिलं जावं, चार शेजारी दारात यावेत, भंतेजींनी दोन सूत्रं म्हणावीत. बाकी हिकारीचं त्यांना काय करायचं ते करोत.

पाटी हातात घेऊनच तो होरिउचींच्या हॉटेलात गेला. होरिउची त्याच्याच वयाचे, शाळेत एका बाकावर बसलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दीर्घ श्वास सोडला.

“शिगे, अरे एकदा गेलेला पुन्हा जातो का कुठं?”

“पहिल्यांदा गेलाच कुठं होता तो?”

“तुझ्या-माझ्यासाठी नसेल गेला. बारा वर्षं लोकांनी इथं येऊन डोळे गाळलेत. त्या लोकांना काय तोंड दाखवायचं? शनिवारी सिनेमातल्या कोतोहाबाई येणार, टीव्हीवाले येणार. हे बघ, डोंगरापलीकडे कुत्र्यांसाठी एक विश्रामगृह आहे. गरम पाण्याचा झरा आहे, मालिश करतात. तीन दिवस मंडळातर्फे ठेवू या.”

“तो माझ्या हातचंच खातो. तीन दिवसांत मरेल तिकडं.”

“मग घरात ठेव. खिडक्या लावून घे. आणि पुढं ते... झालंच तर शांतपणे उरकू. मंडळातर्फे फळांची करंडी पाठवीन मी.”

“फळं कुत्रा खात नाही आणि मेल्यावर तर मुळीच नाही.”

होरिउची थोडे पुढे झुकले. “सुमिए-सानांचा तरी विचार कर, शिगे. सगळं सुरू कुठून झालं हे लोक विचारणार. त्यांच्या नावाला खोटेपणाचा बट्टा लागलेला चालेल तुला?”

 शिगेझोनं खिशातून शिक्का काढला, पाटीवर आपल्या नावापुढे उमटवला आणि पाटी शेजारी देऊन टाकली.

शनिवारी त्यानं सकाळपासून खिडक्या लावून घेतल्या. धक्क्यावरून ध्वनिक्षेपकाचा आवाज येत होता. गोमाला तो ऐकू येत नव्हता, त्याची अडचण वेगळी होती. चौदा वर्षांत तो रोज दहा वाजता धक्क्याच्या टोकाला जाऊन तिथल्या लोखंडी खुंटाशी मुतत आला होता, दुसरी जागा त्याला चालत नसे. शिगेझोनं त्याला परसात नेलं, झाडाशी नेलं, विनवण्या केल्या. गोमा थरथरत्या पायांनी दाराशी येऊन उभा राहिला आणि दाराला नाक लावून कण्हायला लागला. साडेअकरा वाजले तसा शिगेझो उठला.

“चल,” तो म्हणाला. “श्राद्ध गेलं खड्ड्यात. मुतायला तरी जाऊ.”

सुमिएची बाजाराला न्यायची ढकलगाडी होती, तिच्यात गोधडी घालून त्यानं गोमाला बसवलं.

धक्का काळ्या कपड्यांनी भरून गेला होता. भंतेजी सूत्रं म्हणत होते. लोणच्याच्या दगडाला नवं रेशमी वस्त्र नेसवलं होतं आणि त्याच्यासमोर माणसं ओळीनं येऊन उदबत्ती लावत होती. पावाच्या दुकानाशी तर त्याहून मोठी ओळ होती. कोतोहा मिनेगिशी पहिल्या रांगेत बसली होती. सिनेमात ती नऊ वर्षांची कोळ्याची मुलगी होती, आता मोठी नटी झाली होती. शिगेझोनं मान खाली घालून कडेकडेनं गाडी ढकलली. “आजोबा, जरा जपून, विधी चाललाय,” कुणीतरी दटावलं. गाडीचं एक चाक कुरकुरत होतं आणि हळूहळू सगळ्या माना वळल्या.

टीव्हीच्या मुलीनं त्याला ओळखलं. ती माईक घेऊन धावतच आली. “हिकारीचे मालक! अध्यक्ष म्हणाले होते, दुःखामुळं तुम्हाला येणं जमणार नाही. आज तेराव्या वर्षी काय वाटतंय तुम्हाला?”

होरिउचींचा चेहरा पिठासारखा झाला. भंतेजींनी सूत्र मध्येच थांबवलं. शिगेझोनं चारशे चेहऱ्यांकडे पाहिलं, मग गाडीतल्या गोमाकडे पाहिलं. त्याला आता पुरे झालं होतं.

“तो मेलेला नाही,” तो म्हणाला. “इथंच आहे.”

 मग मागून एका बाईचा हुंदका ऐकू आला. “खरंय हो,” ती म्हणाली. “इथंच आहे तो.” आणि तिच्या आजूबाजूचे सगळे डोळे पुसायला लागले.

“तसं नाही!” शिगेझो ओरडला. “ह्या गाडीत आहे. हा बघा. ह्याचं नाव गोमा. पीठ लावलं होतं म्हणून पांढरा दिसत होता. तो दगड लोणच्याचा आहे. तुम्ही लांबून रडत आलात, तुमची दया आली म्हणून माझ्या बायकोनं तिकडं बोट दाखवलं. ती खोटारडी नव्हती. तिला दुसऱ्याचं रडणं बघवत नसे, एवढंच.”

जितकं तो समजावत गेला तितके लोक जास्त रडत गेले. एक गृहस्थ शेजारणीला म्हणाले, “दुसऱ्या कुत्र्यात हिकारीला बघतात बिचारे. आणि बायकोही गेलीय वाटतं.” टीव्हीच्या मुलीच्या काजळाचा पार चिखल झाला होता. कॅमेरेवाला एका हातानं डोळे पुसत दुसऱ्या हातानं शिगेझोचा चेहरा जवळून घेत होता.

शिगेझोनं हताश होऊन कोतोहाकडे हात केला. “हिला विचारा! हिच्या मांडीवर दीड दिवस झोपला होता तो. ही सांगेल.”

कोतोहा उठून आली. गाडीपाशी गुडघ्यावर बसली आणि तिनं हात पुढे केला. गोमानं तो हुंगला. मग पुन्हा हुंगला, आणि गोधडीखाली त्याची शेपूट हलायला लागली. कोतोहाचे ओठ हलले. अगदी हळू, फक्त शिगेझोला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ती म्हणाली, “गोमा.”

“सांग आता,” शिगेझो म्हणाला. “मोठ्यानं सांग, पोरी.”

तिनं वर पाहिलं. समोर कॅमेरा होता, रुमाल घेतलेली चारशे माणसं होती आणि मागे पाहुण्यांपुढे माफीसाठी वाकून वाकून घामाघूम झालेले होरिउची होते. ती उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं.

“अगदी त्याच्यासारखाच आहे,” ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. भंतेजींनी सुटकेचा श्वास टाकून सूत्र पुन्हा सुरू केलं. एक बाई शिगेझोच्या खांद्याला हात लावून फार गोड आवाजात म्हणाली, “आजोबा, गाडी थोडी बाजूला घेता का? हिकारीचा फोटो काढायचाय.”

शिगेझोनं गाडी बाजूला घेतली. मग धक्क्याच्या टोकाला नेऊन त्यानं गोमाला उचलून खुंटाशी उभं केलं, आणि तो पडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली हात धरून उभा राहिला. गोमा बराच वेळ मुतला.

त्यानंतर बाराव्या दिवशी पहाटे, शिगेझोच्या अंथरुणात, त्याच्या पोटरीला पाठ लावून गोमा गेला.

शिगेझोनं कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? त्यानं गोमाला धुतलं, पुसलं, सुमिएच्या जुन्या किमोनोत गुंडाळलं, परसातल्या पर्सिमनच्या झाडाखाली खड्डा खणला. सगळं झाल्यावर हात धुतले, आणि दहा वाजले तसा सवयीनं धक्क्यावर जाऊन आला. एकटाच गेला आणि एकटाच आला.

तेवढंच गल्लीनं पाहिलं. अकराच्या सुमाराला शेजारची म्हातारी टोफूचं भांडं घेऊन दारात आली.

“जास्तीचं केलं गेलं,” ती म्हणाली. “हवा गार झाली नाही आता?”

“झाली,” शिगेझो म्हणाला.

ती जायला वळली आणि मग थांबली. बांगड्यांच्या जाळीखालच्या रिकाम्या जमिनीकडे तोंड करून खोल वाकली. हवेसाठी कुणी एवढं वाकत नाही. तिच्यामागून समोरचा सुतार आला, मग कोपऱ्यावरची न्हावीण, मग डॉक्टरीणबाई. प्रत्येकाच्या घरात काही ना काही जास्तीचं झालं होतं. प्रत्येकानं हवा गार झाल्याचं सांगितलं आणि प्रत्येकजण जाळीखाली बघून वाकून गेला. भंतेजी सहज चालत चालत आले, उन्हात दहा मिनिटं डोळे मिटून पुटपुटत उभे राहिले आणि सहज निघून गेले. शिगेझो ओसरीवर बसून हे बघत होता. पोटातला राग अजून गेला नव्हता. होरिउची येणार हे त्याला ठाऊक होतं आणि त्यांना काय सुनवायचं ते त्यानं घोटून ठेवलं होतं: ‘झालं ना मनासारखं? कुठाय तुझी फळांची करंडी?’

होरिउची दुपारी आले. अंगात काळा कोट होता, हातात करंडी नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि त्यातून वाफ येत होती. ते दारातच थांबले. हवेविषयी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी पुडी पुढे केली. आत उकडलेलं रताळं होतं, अर्धं सोललेलं.

“धक्क्यावरून परत येताना तो रोज माझ्या स्वयंपाकघराच्या मागल्या दारी थांबायचा,” होरिउची म्हणाले. “दहा वर्षं झाली. तू पुढं चालत असायचास, तुला कधी कळलं नाही. आजही उकडलं मी. सोलायला घेतलं आणि मग...”

त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. बारा वर्षं त्यांनी लोकांना रडायला रुमाल विकले होते, आणि आता त्यांच्या स्वतःच्या खिशात एकही नव्हता. ते कोटाच्या बाहीनं नाक पुसत होते. शिगेझोनं घोटून ठेवलेलं वाक्य ओठांवर आलं. ते ह्या माणसाच्या तोंडावर म्हणणं त्याला काही केल्या जमेना.

“त्रास झाला का रे त्याला?” होरिउचींनी विचारलं.

पहाटे दोन तास गोमा श्वासासाठी धडपडत होता आणि शिगेझो त्याची छाती चोळत बसला होता.

“नाही,” शिगेझो म्हणाला. “झोपेतच गेला.”

आणि सकाळपासून कोरडे राहिलेले त्याचे डोळे भरून आले. त्यानं रताळं घेतलं, होरिउचींना आत बोलावलं आणि चहाचं पाणी ठेवलं.